शिट्टीसाहेबांच्या ऑपरेशनची तालीम

शिट्टीसाहेबांना ऑपरेशनची भीती अजिबात वाटत नव्हती. हे ते शेजाऱ्यांना सांगत, ऑफिसात सांगत, लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगत आणि कोणीच भेटलं नाही तर दाढी करताना आरशाला सांगत. ज्याला खरोखर भीती वाटत नाही त्याला ते इतक्या वेळा सांगावं लागत नाही, पण हे साहेबांना सांगणार कोण.

ऑपरेशन वजन कमी करण्याचं होतं. पोटातली पिशवी कापून लहान करायची, म्हणजे माणूस आपोआप कमी जेवतो, असा एकूण मामला. साहेबांचं वजन किती होतं ते इथे सांगता येणार नाही, कारण ते त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही. वजनकाट्यावर उभे राहिले की मध्ये पोट यायचं आणि आकडा दिसायचा नाही, आणि जे दिसत नाही ते नाहीच, असं त्यांचं धोरण होतं. पण प्रश्न पोटाच्या आकाराचा नव्हता. झोपेत साहेबांचा श्वास मध्येच थांबायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हे असंच चालू राहिलं तर एखाद्या रात्री थांबलेला श्वास पुन्हा सुरू होणार नाही. साहेबांना हे पटत नव्हतं. झोपेत मी काय करतो हे मलाच ठाऊक नाही, तर त्या डॉक्टरला कुठून ठाऊक, असा त्यांचा सवाल होता. बायको मात्र रात्रभर त्यांच्या पोटावर हात ठेवून पडायची. साहेब ही तिच्या प्रेमाची खूण समजत, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही बघा, असं चारचौघांत सांगून मित्रांच्या बायकांची पंचाईत करत. तो हात श्वास चालू आहे की नाही हे पाहत असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

ऑपरेशनची तारीख याआधी दोनदा ठरली होती. पहिल्या वेळी साहेबांना ऐन वेळी सर्दी झाली. अशी सर्दी, की डॉक्टरांना फोन करेपर्यंत होती आणि फोन ठेवताच गेली. दुसऱ्या वेळी ऑफिसात अचानक महत्त्वाची तपासणी निघाली. ती कोणी काढली याची चौकशी केली असती तर ती साहेबांच्याच टेबलापाशी येऊन थांबली असती. दोन्ही वेळा बायकोने दवाखान्यासाठी भरलेली कपड्यांची पिशवी मुकाट्याने रिकामी केली. तिसरी तारीख देताना डॉक्टर म्हणाले, या वेळी मनाची तयारी करूनच या. साहेबांनी हे शब्द अगदी अक्षरशः घेतले, आणि इथूनच सगळं बिनसलं.

आता साहेबांच्या नोकरीविषयी थोडं सांगितलं पाहिजे. साहेब सुरक्षा खात्यात होते. आग लागली, भूकंप झाला, वायू गळला तर माणसांनी काय करावं याचा सराव करून घेणं हे त्यांचं काम. कुठल्याही कचेरीत, शाळेत किंवा कारखान्यात ते गळ्यात शिट्टी अडकवून जात, ती फुंकत, आणि माणसं हातातलं काम टाकून जिन्याने खाली येत. साहेब फाटकाशी उभे राहून कोण हसत आलं, कोण चहाचा कप घेऊन आलं याची मनात कायमची नोंद ठेवत. आयुष्यात त्यांनी खरी आग एकदाच पाहिली होती. त्यांच्याच ऑफिसात चहाच्या स्टोव्हजवळचं फडकं पेटलं होतं, आणि साहेब खिशात शिट्टी शोधत असतानाच शिपायाने त्यावर पाण्याचा पेला ओतून विषय संपवला होता. साहेबांना ते फारसं आवडलं नव्हतं. पद्धत म्हणून काही असते.

त्यांचा एकच सिद्धान्त होता. जिचा सराव केला त्या गोष्टीची भीती राहत नाही. आणि सराव करायचा तर तो खऱ्यासारखा करायचा. एकदा सुरू झाला की शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नाही, आणि बाहेरच्या कुणी विचारलं तरी हा सराव आहे हे सांगायचं नाही, नाहीतर माणसं गांभीर्याने घेत नाहीत. तेव्हा ऑपरेशनचा सराव करावा हे त्यांना सुचलं यात नवल नाही. नवल एवढंच की बायको सोडून सगळ्यांना ते पटलं.

त्याचं कारण असं की त्या दिवसांत साहेब फक्त सूपवर होते. ऑपरेशनच्या आधी काही दिवस पातळच घ्यायचं, असा डॉक्टरांचा हुकूम होता. भुकेने साहेबांचा स्वभाव इतका तिखट झाला होता की त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. शिवाय सल्ले देऊन शेजारीही दमले होते. कोणी म्हणालं, ऑपरेशन कशाला, सकाळी कोमट पाणी प्या. कोणी म्हणालं, करा, पण कातडी लोंबते, नंतर ती वेगळी शिवून घ्यावी लागते. एकाने आपल्या ओळखीतल्या एका गृहस्थांची हकीकत सांगितली. ते म्हणे इतके बारीक झाले की त्यांच्याच घरच्या कुत्र्याने त्यांना आत घेतलं नाही. त्या रात्री साहेबांचं सूपही खाली उतरलं नाही. नुसते सल्ले देण्यापेक्षा प्रत्यक्ष काही करायला मिळतंय म्हटल्यावर सगळा जिना उत्साहाने पुढे सरसावला.

सर्जनची भूमिका दुसऱ्या मजल्यावरच्या नाटकवाल्यांनी मागून घेतली. हे गृहस्थ विमा कंपनीत होते, पण हौशी नाटकं बसवत, आणि जगात जे काही चाललं आहे त्यात आपल्याला घेतलं नाही याचं दुःख त्यांना कायम असे. त्यावर तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इमारतीत खरी डॉक्टर एकच असताना सर्जन विमावाला कसा, हा त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. शेवटी भूल देण्याचं काम त्यांच्याकडे आलं आणि शस्त्रक्रियेपूर्वीच्या सगळ्या तपासण्याही मीच करणार, या अटीवर त्यांनी ते पत्करलं. साहेबांचा धाकटा भाऊ स्ट्रेचर ढकलणारा झाला. स्ट्रेचर म्हणून केटरिंगवाल्याची मोठी पातेली वाहायची लांब ट्रॉली आली. तिचं एक चाक रुसलेलं होतं, पण बाकीची तिन्ही फारच उत्साही होती.

बायकोचं काम सगळ्यात सोपं, असं साहेबांनीच सांगितलं. दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचं आणि आत काय चाललंय ते कळेपर्यंत वाट पाहायची. बोलायचं काही नाही.

ती म्हणाली, “एवढंच?”

“एवढंच,” साहेब म्हणाले. “खरा भार माझ्यावर आहे.”

स्वयंपाकघरात जाऊन तिने सूप गरम केलं आणि जरा जोरातच भांडं आपटलं.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, सगळे इमारतीच्या पोर्चमध्ये जमले. ऑपरेशन थिएटर म्हणजे गेटजवळची सोसायटीची बैठकीची खोली. पोर्चपासून तिथपर्यंत गाड्यांसाठी केलेला उतार होता. साहेबांनी सगळ्यांना पुन्हा एकदा सूचना दिल्या. पेशंट घाबरेल, थांबवा म्हणेल, हातापाया पडेल, तो कामाचाच भाग आहे, कोणी लक्ष द्यायचं नाही. सराव फक्त शिट्टीने संपेल. वॉचमनला वेगळं समजावलं, की ट्रॉली येताना दिसली की दार उघडायचं, आणि रस्त्यावरच्या कुणी काही विचारलं तर ऑपरेशन चाललंय एवढंच सांगायचं.

मग साहेब पांढरी चादर पांघरून ट्रॉलीवर आडवे झाले. ट्रॉली करकरली. डॉक्टरीणबाई पुढे आल्या, त्यांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली, सवयीने दातही पाहिले आणि खालची एक दाढ किडल्याचं सगळ्यांदेखत जाहीर केलं. मग ऑपरेशनला जाताना अंगावर धातू चालत नाही, असं म्हणून त्यांनी अंगठी, घड्याळ आणि गळ्यातली शिट्टी काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकली. हे वैद्यकीयदृष्ट्या बिनचूक होतं, त्यामुळे साहेबांना काही बोलता येईना. पण शिट्टी गेली तसा त्यांचा हात रिकाम्या गळ्याकडे गेला आणि तिथेच चाचपत राहिला.

वर बघत पडलं की जग निराळंच दिसतं. साहेबांना चेहरे उलटे दिसत होते, नाकपुड्या दिसत होत्या, तोंडाला रुमाल बांधून वर हात धरून उभे असलेले नाटकवाले दिसत होते. त्यांच्या हातात पुठ्ठा कापायची सुरी होती. इतकी वर्षं साहेबांनी हजारो माणसांना पळवलं, झोपवलं, खोट्या जखमांच्या पट्ट्या बांधल्या, पण स्वतः कधी आडवे झाले नव्हते. आणि आता त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला भीती वाटते आहे. सर्दीसारखी काढलेली नाही, खरीखुरी, हातपाय गार करणारी. दवाखान्यातलं खरं दारही असंच समोर येणार, आणि त्याच्या पलीकडे काय आहे हे आपल्याला माहीत नाही.

ते म्हणाले, “थांबवा. मला नाही जमणार.”

“वा,” नाटकवाले भारावून म्हणाले. “काय स्वर लावलाय.”

साहेबांनी भावाला हाक मारली. भाऊ आज्ञाधारक होता, त्याने सांगितल्याप्रमाणे मुळीच लक्ष दिलं नाही. साहेब डॉक्टरीणबाईंकडे शिट्टी मागू लागले. बाई म्हणाल्या की भूल चढायला लागली की पेशंट असंच बरळतात, आणि ट्रॉली निघाली.

उताराच्या मध्यावर भावाचा फोन वाजला. हा भाऊ असा आहे की फोन वाजला आणि त्याने घेतला नाही असं आजवर झालेलं नाही. त्याने एका हाताने ट्रॉली धरून दुसऱ्या हाताने खिसा चाचपला, मग दुसराही हात लागला, आणि ट्रॉलीला पहिल्यांदाच मोकळीक मिळाली. रुसलेलं चाक तेवढ्यात खुशीत आलं. ट्रॉली सुटली.

तरीही बैठकीच्या खोलीचं दार उघडं असतं तर सगळं पार पडलं असतं, असं साहेब आजही शपथेवर सांगतात. पण वॉचमन इतकी वर्षं एकच काम करत आला होता. चाकावरचं काहीही उतारावरून खाली येताना दिसलं की त्याचा हात गेटकडे जायचा. त्याला दार उघडायला सांगितलं होतं, त्याने गेट उघडलं, सताड, आणि नेहमीप्रमाणे सलामही ठोकला. साहेब चादरीसकट त्याच्यासमोरून बाहेर पडले, गल्ली ओलांडून गेले आणि समोरच्या किराणा दुकानापुढे रचलेल्या रिकाम्या खोक्यांच्या ढिगात जाऊन थांबले. खरचटलं म्हणाल तर एक कोपर. अब्रूचं काय झालं ते वेगळं.

दुकानात उभ्या असलेल्या लोकांना जे दिसलं ते असं. एक अवाढव्य माणूस चादर पांघरून समोरून निसटून आला, त्याच्यामागे तोंडाला रुमाल बांधलेला एक इसम सुरी घेऊन धावत आला, आणि त्याच्यामागे एक बाई पर्स सांभाळत ओरडत होत्या की अजून भूल नीट चढलेली नाही. कोणीतरी वॉचमनला विचारलं, काय चाललंय. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं, साहेबांचं ऑपरेशन. त्यावर एका सज्जन माणसाने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला, आणि त्याला दोष देता येणार नाही.

अ‍ॅम्ब्युलन्स अशी झटकन आली की एरवी साहेबांनी कौतुकच केलं असतं. तिच्यातून उतरलेल्या माणसाने विचारलं, इथे डॉक्टर कोण. नाटकवाले भूमिकेतून अजून बाहेर आलेले नव्हते, शिट्टी वाजलेली नव्हती, ते छाती काढून म्हणाले की मी. काय झालं, असं विचारल्यावर ते म्हणाले, पोट उघडायलाच घेत होतो, तेवढ्यात पेशंट निसटला. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, सुरीकडे पाहिलं आणि अतिशय हळू आवाजात ती खाली ठेवायला सांगितलं.

खोक्यांमधून साहेब जिवाच्या आकांताने सांगत होते की हा सराव आहे, मी सरकारी माणूस आहे, मला काहीही झालेलं नाही. अ‍ॅम्ब्युलन्सवाला त्यांना थोपटत म्हणाला, हो साहेब, सरावच आहे, शांत व्हा. मग त्याने आजूबाजूला पाहिलं. उतारावरून बायको चालत येत होती. तिला धावायची सवय नव्हती आणि तिच्या हातात ती बसायची खुर्ची तशीच होती.

“काकू, तुम्ही यांच्या कोण? हे म्हणतात सराव आहे. खरं आहे का?”

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या डोक्यावर साबणाचं रिकामं खोकं होतं. उद्या पिशवी भरायची होती. साहेब सकाळपासून मधूनमधून शिंकून बघत होते, हे तिच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “सराव नाही. घ्या यांना गाडीत.”

साहेबांनी ट्रॉलीची कड घट्ट धरली. त्यांना आत चढवायला गल्लीतली सगळी माणसं लागली. नाटकवालेही लागले, आणि सहानुभूतीने रडले.

गाडी सुरू झाल्यावर त्या माणसाने साहेबांच्या दंडाला पट्टा बांधला आणि त्रास नेमका काय आहे ते विचारलं. साहेब उत्तर द्यायला तोंड उघडतात तोच बायको बोलू लागली. एवढी वर्षं हे तिला कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून कदाचित ती थांबेचना. हे झोपले की आधी घोरतात, ती म्हणाली, तोवर बरं असतं. मग एकदम सगळं बंद होतं. मग मी वाट पाहते. पोटावर हात असतो, तो वर येत नाही. मग मी यांना हलवते, कधी चिमटा काढते, मग हे मोठा श्वास घेतात आणि कूस बदलतात. रात्रभर हेच. झोप लागली तर यांच्याकडे कोण बघणार, म्हणून मी झोपतच नाही. दिवसा ऑफिसात गेले की थोडी पडते.

तिने हे भाजीचे भाव सांगावेत तशा आवाजात सांगितलं. साहेब छताकडे बघत होते. दंडावरच्या चिमट्यांच्या खुणा डासांच्या समजून त्यांनी आजवर घरात किती औषधं मारली होती. आणि त्या हाताविषयी आपण चारचौघांत काय काय सांगत आलो, हे आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडी गेली ती ऑपरेशन ठरलेल्या दवाखान्यातच; योगायोग असा काही नाही, शहराच्या त्या भागात मोठा दवाखाना तोच होता. तिथे सर्जन स्वतः खाली आले. त्यांनी सगळी हकीकत ऐकली, मध्ये एकदा खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले, त्यांचे खांदे हलत होते. मग रक्तदाब पाहून गंभीर झाले. फार वाढला होता. असाच राहिला तर ऑपरेशन करता येणार नाही, ते म्हणाले, पुढे ढकलू, दोन-तीन महिन्यांनी बघू, तुमची यात काही चूक नाही.

साहेबांना हवं होतं ते हेच. सर्दी नाही, तपासणी नाही, खुद्द डॉक्टरांच्या तोंडून मिळालेली माफी. आपल्याला किती वाईट वाटतंय हे सांगणारं वाक्यसुद्धा त्यांच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती स्टुलावर बसून ती पांढरी चादर घडी करत होती. त्यांच्याकडे तिने पाहिलं नाही. काय होणार हे तिला ठाऊकच होतं, ती फक्त कोपऱ्याला कोपरा जुळवत होती.

“नको,” साहेब म्हणाले.

सर्जनना वाटलं, ऑपरेशनच नको.

“पुढे ढकलायला नको. मी शांत पडतो. तुम्ही पुन्हा मोजा. उतरेपर्यंत मोजा.”

बायकोच्या हातातली चादर सुटली. सर्जन बरं म्हणाले, आलाच आहात तर आजच दाखल व्हा, रक्तदाब उतरला तर बघू, असं सांगून निघून गेले. खोलीत दोघंच राहिली.

साहेब म्हणाले, “मघाशी ट्रॉलीवर थांबवा म्हणालो ना, ते नाटक नव्हतं. मला खरंच फार भीती वाटते गं.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “तुम्हाला नाटक कुठे येतं.”

मग ती थोडी रडली, आणि मला काय कमी वाटते का, असं म्हणाली. शांत पडणं हे काम साहेबांनी आयुष्यात कधी मन लावून केलं नव्हतं, पण त्यानंतरचा दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. नर्स येई, पट्टा बांधे, आकडा सांगे. साहेब डोळे मिटून हूं म्हणत. नाटकवाले भेटायला आले तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. भावाचा फोन बंद करायला लावला. हळूहळू आकडा उतरत गेला. सर्जननी पाहिलं, मान डोलावली, उद्या सकाळी घेऊ म्हणाले.

संध्याकाळी नर्सने साहेबांच्या बोटाला एक चिमटा लावून तो यंत्राला जोडला. श्वासात जरा काही कमीजास्त झालं तर हे यंत्र ओरडतं आणि आम्ही धावत येतो, असं तिने समजावलं. बायकोने तिला पुन्हा विचारलं, नक्की ओरडतं ना. नर्स म्हणाली, नक्की. थोड्या वेळाने बायको बाहेर जाऊन तिला आणखी एकदा विचारून आली. मग नातेवाइकांसाठी भिंतीशी असलेल्या अरुंद बाकावर ती आडवी झाली.

सकाळी खरं स्ट्रेचर आलं. त्याची चारही चाकं गुण्यागोविंदाने नांदत होती. साहेबांना सराव काडीचाही उपयोगी पडत नव्हता. ते स्ट्रेचरवर सरकले. बाकावर बायको उताणी पडली होती, तोंड उघडं, एक हात खाली लोंबलेला, आणि अशी घोरत होती की शेजारच्या खोलीतले लोक डोकावून गेले. नर्स तिला हलवायला पुढे झाली.

“उठवू नका,” साहेब म्हणाले.

“अहो, पण दारापर्यंत घरचं कोणी तरी बरोबर लागतं.”

“भाऊ आहे बाहेर, तो येईल. तिला झोपू द्या.”

नर्स म्हणाली, उठल्यावर त्या मला रागावतील. साहेब म्हणाले, मला रागावेल, तुम्ही काळजी करू नका. मग त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि स्ट्रेचर निघालं. भाऊ बरोबर चालत होता, पुढे ते दार होतं, आणि साहेबांना भयंकर भीती वाटत होती. कॉरिडॉरचं वळण येईपर्यंत मागून बायकोचं घोरणं ऐकू येत होतं. साहेब कान देऊन ऐकत होते. ते मध्ये कुठेही थांबत नव्हतं.